घाटावरचा सर्व्हर

मोलगीच्या अलीकडे एका संस्थेचा दवाखाना आहे. तिथं आम्ही पहिल्यांदा सर्व्हर घेऊन गेलो, तेव्हा तो तिथल्या रॅकमध्ये बसलाच नाही.

नंदुरबारमधल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरीला आहे. शाळा, दवाखाने, जिनिंगवाले यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचं हे आमचं काम. माझं गाव धानोरा. घरी मिरची आणि कापूस. मी नक्की काय करते असं कुणी विचारलं, की वडील सांगतात, "पोर कॉम्प्युटर दुरुस्त करस." एवढ्यावर ते आणि विचारणारा दोघंही समाधानी होतात, म्हणून मीही ते दुरुस्त करायला जात नाही.

दवाखान्याची गरज साधी होती. पेशंटची माहिती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर विखुरलेली होती आणि एक्स-रे भलत्याच एका कॉम्प्युटरवर होते. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना एक्स-रे बघायचा तर समोरचा पेशंट सोडून उठावं लागे. वर डोंगरात इंटरनेट कधी असतं, कधी दिवसच्या दिवस नसतं. त्यामुळे सगळं लांबच्या कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर ठेवायचा विचारच करता येत नव्हता. एकाच जागी, आपल्या छपराखाली हवं होतं.

सर्व्हर हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे, तो बँकेमुळे. 'सर्व्हर डाउन आहे' असं ऐकून माणसं परत फिरतात. पण तो डाउन होणारा प्रत्यक्षात कसा दिसतो हे सहसा कुणी पाहिलेलं नसतं. खोकं उघडलं तेव्हा दवाखान्यातली माणसं भोवती जमली आणि आत एक चपटी, लांबलचक लोखंडी पेटी बघून हिरमुसली.

"याला स्क्रीन कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं. ते मूळचे कोकणातले, पण डोंगरातच पोक्त झालेले.

"नसतो, सर. लागेल तेव्हा जोडायचा."

"मग हा करतो काय?"

"बाकीचे कॉम्प्युटर जे मागतील ते देतो. आणि त्यांनी दिलेलं ठेवून घेतो."

"म्हणजे वॉर्डबॉय."

"वॉर्डबॉय आणि रेकॉर्ड रूम, दोन्ही."

हे त्यांना पटलं. मग आम्ही तो रॅकमध्ये चढवायला घेतला. भिंतीवर आधीपासून एक रॅक होता, काचेच्या दाराच्या छोट्या कपाटासारखा. त्यात नेटवर्कचा स्विच बसवलेला होता. फोनवर मला 'रॅक आहे' एवढंच कळवलं होतं आणि ते खोटं नव्हतं. रॅकची रुंदी जगभर एकच असते. उंचीचं माप 'यू' नावाचं, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, तेही सगळीकडे एकच. फक्त खोली ज्याची त्याची. भिंतीवरचा रॅक हातभराहून थोडासाच जास्त खोल होता आणि सर्व्हर चांगला दीड हात लांब. पुढून सरकवला तर तो मागच्या भिंतीला टेकला आणि त्याचं तोंड जवळजवळ वीतभर बाहेर राहिलं.

माझ्याबरोबर चाचा होते. नंदुरबारात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं, आणि विजेचं कामही ते बघतात. आमच्या कंपनीच्या ज्या ज्या कामात लोखंड आणि वायर येतं, तिथं चाचा असतातच. ते मुसलमान मोहल्ल्यातले, मी धानोऱ्याची पाटलीण, पण आमचं आपसातलं बोलणं अहिराणीतच चालतं. त्यांनी खिशातून टेप काढून सर्व्हर मापला, रॅक मापला आणि टेप पुन्हा खिशात घातली.

"हाई यामा बसनार नही, बेटा."

"ते तं माले भी दिसी ऱ्हायनं, चाचा."

"आपनच बनाडसूत. लोखंडनं काम शे."

तो सर्व्हर त्या दिवशी खोक्यात परत गेला आणि दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत सलाइनच्या बाटल्यांशेजारी जाऊन बसला. पुढच्या खेपेला चाचांनी केलेला रॅक जीपच्या टपावर बांधून आम्ही अक्कलकुव्याचा घाट चढलो. चार उभे अँगल, खाली जाड पाट्या, मागून-पुढून हवा खेळायला मोकळा. सर्व्हर पुढून गार हवा ओढतो आणि मागून गरम सोडतो. त्याला भिंतीला चिकटवून ठेवला तर तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा खात बसतो. हे मी एकदा सांगितलं होतं, तर चाचांनी रॅकच्या मागे, तो भिंतीपासून हातभर लांब राहील अशी लोखंडी आडवी पट्टीच जोडून आणली होती. कुणी ढकलला तरी रॅक भिंतीला चिकटणार नाही.

अर्थिंगला मात्र दिवस गेला. सपाटीवर खड्डा खणायचा, पट्टी सोडायची, कोळसा आणि मीठ भरायचं, पाणी ओतायचं की झालं. इथं कुदळ दोन वेळा आपटली की खडक. दवाखान्याभोवती तीन बाजूंनी खणून झालं. शेवटी न्हाणीघराचं पाणी जिथं जाऊन मुरतं तिथं, केळीच्या खुंटांशेजारी, माती लागली.

सर्व्हर चालू झाला तेव्हा खोलीतली माणसं दारापर्यंत मागे सरली. सुरू होताना त्याचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि जात्यापेक्षा मोठा आवाज होतो. मग हळूहळू खाली येतो. मागे सरली नाही ती फक्त एक सिस्टर.

या सिस्टर पुढे सगळ्या गोष्टीत आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सांगते. त्या त्याच डोंगरातल्या. घरी पावरी बोलणाऱ्या. आश्रमशाळेत मराठी शिकल्या, मग नाशिकला नर्सिंग केलं आणि परत आल्या. वयाने माझ्याएवढ्याच. राहायला दवाखान्याच्या आवारात, म्हणून डॉक्टरांनी सर्व्हर त्यांच्यावर सोपवला. तशी दवाखान्यातली बरीच कामं आवारात राहणाऱ्यांवर येऊन पडतात. त्या मला सुरुवातीला मॅडम म्हणत, मी त्यांना सिस्टर. तिसऱ्या भेटीपर्यंत मॅडमची ताई झाली. सिस्टर मात्र सिस्टरच राहिली, कारण सगळा दवाखाना त्यांना तेच म्हणे.

मी त्यांना दोन दिवस शिकवलं. त्या एखादा शब्द नुसता ऐकून घेत नसत.

"मेमरी पण लक्षात ठेवते, डिस्क पण लक्षात ठेवते. मग दोन कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही वॉर्डात फिरता तेव्हा कुठल्या खाटेवर कुणाला ताप आहे हे डोक्यात असतं ना? ती मेमरी. ड्यूटी संपली, झोपलात, की गेलं. केसपेपरवर लिहिलं ती डिस्क."

"म्हणजे लाइट गेली की मेमरी झोपली."

"हो."

"आणि लिहायच्या आधीच लाइट गेली तर?"

"तर ते गेलं. म्हणून यूपीएस. तो थोडा वेळ जागं ठेवतो, तेवढ्यात लिहून घ्यायचं आणि नीट बंद करायचं."

त्यांना सगळ्यात आवडल्या त्या डिस्क. सर्व्हरच्या तोंडाला चार खण, प्रत्येकात एक डिस्क, प्रत्येकीला एक खटका आणि एक दिवा. खटका दाबला की डिस्क खणासकट बाहेर येते, तीही सर्व्हर चालू असताना.

"चालू गाडीचं चाक काढायचं?" त्यांनी विचारलं.

"चार आहेत. माहिती चौघींत वाटून ठेवलेली असते आणि वर थोडं जास्तीचं, ताळा जुळवायला. एक गेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचं सगळं पुन्हा सांगू शकतात. याला रेड म्हणतात."

"रेड म्हणजे लाल?"

"नाही, नुसतं नाव आहे."

"आणि दोघी गेल्या तर?"

"मग कुणालाच काही सांगता येत नाही."

खणांवर आकडे होते शून्य, एक, दोन, तीन. यावर त्या हसल्या. शून्य नंबरची डिस्क म्हणजे नसलेलीच डिस्क की, असं म्हणाल्या. कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, हे मी कॉलेजात काहीही न विचारता पाठ केलं होतं. त्यांनी ते आपल्या पद्धतीनं ठरवून टाकलं, की बोलताना 'तिसरी, म्हणजे दोन नंबरची' असं दोन्ही म्हणायचं. मलाही तसंच बोलायला लावलं. एक जास्तीची डिस्क मी औषधांच्या कपाटात ठेवून आले.

त्यानंतर बराच काळ सांगण्यासारखं काही घडलं नाही. एक्स-रे त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर हलवले होते, डॉक्टर खुर्चीत बसून ते बघू लागले. सिस्टर दर आठवड्याला पेशंटच्या माहितीची एक प्रत छोट्या बाहेरच्या डिस्कवर घेत. एक्स-रे त्या छोट्या डिस्कवर मावत नसत. मोठी डिस्क मागवायची असं ठरलं होतं आणि ते ठरलेलंच राहिलं होतं. दिवाळीनंतर बघू, मार्चनंतर बघू, असं.

फोन आला तो श्रावणात. आठवडाभर डोंगरात पाऊस लागून होता आणि घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला होता. दवाखान्यात फोनला रेंज नसते. मागे टेकाडावर पाण्याची टाकी आहे, तिथं उभं राहिलं तर मिळते. सिस्टर छत्री घेऊन तिथून बोलत होत्या. छत्रीवर पडणारा पाऊस मला त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होता.

"ताई, सर्व्हर शिट्टी मारतोय. थांबतच नाही."

"दिवे बघितले?"

"तिसरी, म्हणजे दोन नंबरची, तिचा पिवळा आहे."

"पेटलेला की लुकलुकतोय?"

"पेटलेला."

म्हणजे डिस्क गेली होती. वाईट, पण शिकवलेल्यातलंच. मी म्हणणार होते की कपाटातली काढा, खटका दाबा, बदला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि पहिली, म्हणजे शून्य नंबरची, तिचा पण पिवळा आहे. तो लुकलुकतो."

मी ऑफिसात खुर्चीवर बसले होते, ती उभी राहिले. लुकलुकणारा पिवळा म्हणजे डिस्क अजून चालू आहे, पण आता फार दिवस नाही, असं ती स्वतः सांगते आहे. दोन नंबरच्या जागी नवी घातली की मशीन तिच्यावर सगळं नव्यानं लिहायला लागणार. त्यासाठी बाकीच्या तिघींना तासन्‌तास न थांबता वाचणार. त्या धावपळीत शून्य नंबरची मान टाकण्याचीच शक्यता जास्त. आणि तिनं मान टाकली, की दोघी गेल्या.

"ताई? आहात ना?"

"आहे. आत्ता काही बदलू नका. आधी प्रत घ्यायची. पेशंटची माहिती छोट्या डिस्कवर, आणि एक्स-रे..." इथं मी थांबले.

"एक्स-रे मावत नाहीत."

"माहीत आहे. दवाखान्यात कुणाकडे मोठी डिस्क आहे का? कुणाचीही."

त्या खाली गेल्या. मी फोन हातात धरून वाट बघत राहिले. प्रत्येक प्रश्नाला त्यांना टेकाड उतरावं आणि चढावं लागत होतं, तेही चिखलातून. परत आल्या तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, "डॉक्टरांकडे आहे. घरचे फोटो आहेत त्यात. म्हणाले, जागा आहे, वापरा."

"सर काय म्हणतात? ओपीडी चालू आहे?"

"आज कागदावर चालवतो म्हणाले. कुणी सर्व्हरला हात लावायचा नाही."

आता प्रश्न उरला, एक्स-रे कुठून सुरू करायचे. आज्ञा कशी द्यायची ते मी त्यांना अक्षर न् अक्षर सांगणार होते, पण आधी ठरवायला हवं होतं. जुन्यापासून की नव्यापासून? शेवटपर्यंत पोचू की नाही, माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नव्यापासून मागे जाऊ. ज्यांची औषधं आत्ता चालू आहेत त्यांचे आधी."

सिस्टर म्हणाल्या, "टीबीवाल्यांचे जुने लागतात, ताई. आधीचा आणि आत्ताचा शेजारी ठेवून बघतात."

"मग तुम्ही सांगा."

"नाही. नव्यापासूनच. ज्याचं हाड आज मोडलंय त्याला आज लागतो."

त्यांनी तळहातावर पेनानं आज्ञा लिहून घेतली, कारण कागद भिजला असता. पेशंटची माहिती दुपारच्या आत उतरली. हे त्यांनी टाकीपाशी येऊन सांगितलं. मग एक्स-रे सुरू झाले. एकेक फोटो मोठा आणि शून्य नंबरची अडखळत वाचत होती. मी दुसऱ्या कामाला बाहेर पडले नाही. चाचा आले होते कुठल्यातरी केबलसाठी, तेही बसून राहिले. आम्ही दोघं एका फोनकडे बघत बसलो होतो.

उन्हं असती तर कलली असती, अशा वेळेला फोन आला. या वेळी डॉक्टरही टाकीपाशी आले होते.

"लाइट गेली," डॉक्टर म्हणाले. "खाली कुठं खांब पडलाय म्हणतात. आज येत नाही. यूपीएस ओरडतोय."

"जनरेटर, सर?"

"डिझेल थोडं आहे, ते बाळंतिणीच्या खोलीसाठी ठेवलंय. रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही."

"लसींचा फ्रिज सोलरच्या बॅटऱ्यांवर आहे ना? त्यावर सर्व्हर थोडा वेळ..."

"ऊन आठवडाभर नाही. बॅटऱ्या जेमतेम फ्रिजला पुरतील."

"सर, बंद केला तर शून्य नंबरची पुन्हा उठेल असं मी सांगू शकत नाही. म्हाताऱ्या डिस्क फिरतायत तोवर फिरतात. एकदा थांबल्या की..."

"समजलं मला. माणसांचंही तसंच असतं," ते म्हणाले. "पण फ्रिज थांबला तर लसी जातात, त्याची मला खात्री आहे. बंद करा सिस्टर."

सिस्टरांनी खाली जाऊन सर्व्हर नीट बंद केला. धसकन जाऊ दिला नाही. चालू असलेला फोटो पूर्ण उतरू दिला, मग आज्ञा दिली, आणि पंखे थांबेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. चाचा फोन संपल्यावर उठले आणि म्हणाले, "डॉक्टरनं बरोबर करं, बेटा." मी हो म्हटलं. मलाही ते बरोबरच वाटत होतं.

वीज आली ती दोन-तीन दिवसांनी. सिस्टरांनी सर्व्हर चालू केला, स्क्रीन जोडला आणि वर येऊन मला इंग्रजी शब्द एकेक करून वाचून दाखवले. शून्य नंबरची उठली नव्हती. मी तिला काढून पुन्हा बसवायला सांगितली. त्यांनी बसवली, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "आत टक टक करतेय. फिरत नाही."

"मग राहू द्या. आता कुठलंच बटण दाबू नका."

"गेले का ताई, जुने?"

"गेले."

टाकीवरून वाहणारं पाणी ऐकू येत होतं.

घाटात दरडीच्या दोन्ही बाजूंपर्यंत जीप जायला लागल्यावर मी वर गेले. दरडीच्या अलीकडे एक जीप सोडायची, चिखलातून पलीकडे चालत जायचं, तिथं दुसरी पकडायची. नव्या डिस्क मी टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवल्या होत्या. पलीकडे घ्यायला सिस्टरच आल्या होत्या. त्यांनी माझी सॅक स्वतःच्या पाठीला लावली आणि वळणावर जीप आपटली की सॅक मांडीवर घेऊन धरत होत्या.

सर्व्हर पुन्हा उभा केला. पेशंटची माहिती पूर्ण परत आली. एक्स-रे साधारण गेल्या वर्ष-दीड वर्षाचे आले. त्याच्या आधीचे नाहीत. शून्य नंबरची डिस्क आम्ही नंतर पुण्याला, बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या लोकांकडे पाठवली. आतल्या चकतीवर चरा पडलाय, काही निघणार नाही, असा निरोप आला.

डॉक्टरांना सांगायला मी शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "फोटो गेले, मॅडम," ते म्हणाले. "हाडं पेशंटकडेच आहेत. लागली तर पुन्हा काढू." मग थोड्या वेळानं, चष्मा पुसताना, "छातीचे गेले ते मात्र वाईट झालं."

ती मोठी डिस्क त्याच आठवड्यात मागवली गेली, हे सांगायला नकोच.

मी वरच मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवशी ओपीडीत एक बाई नातवाला घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी मोडलेला त्याचा हात पुन्हा दुखत होता. डॉक्टर म्हणाले, जुना एक्स-रे आता नाही. बाईनं पदराच्या गाठीतून नाही, ब्लाउजमधून फोन काढला आणि सिस्टरांच्या हातात दिला. फोनमध्ये एक्स-रेचा फोटो होता. एक्स-रेच्या खोलीतल्या स्क्रीनचा, थोडा तिरपा, वर ट्यूबलाइटची रेघ उमटलेली. दवाखाना फिल्म छापून देत नसे, म्हणून लोक स्क्रीनचा फोटो काढून नेत. घरी दाखवायला, भगताला दाखवायला, शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला.

सिस्टर तो फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"ताई, पेशंटची माहिती तर वाचलीय ना? कुणाचा एक्स-रे कधी काढला ते कळेल?"

"नाव, गाव, तारीख, सगळं कळेल. फक्त फोटो नाही."

"मग विचारूया की."

दोन दिवसांनी मोलगीचा बाजार होता. मी त्यासाठी थांबले. डोंगरातून माणसं चालत येत होती, जीपच्या टपावर बसून येत होती. भगर, कोंबड्या, वेळूचे कोवळे कोंब, प्लॅस्टिकच्या चपलांचे ढीग. सिस्टर त्या गर्दीत शिरल्या आणि मी त्यांच्या मागे. प्रत्येक गावाचे लोक कुठं बसतात ते त्यांना माहीत होतं. पावरी मला कळत नाही. पण त्यांच्या बोलण्यात मधूनमधून 'सर्व्हर', 'डिस्क', 'फोटो', 'मोबाइल' असे शब्द यायचे आणि तेवढ्यावरून मला सगळं समजत होतं. एक म्हातारा सर्व्हर म्हणजे काय असं विचारत असावा. सिस्टरांनी हातानं चपट्या पेटीची लांबी दाखवली, मग ओठांनी पंख्याचा आवाज काढला. म्हातारा हसला, बाजूच्या बायका हसल्या. मग एका पोरीनं फोन काढला.

बहुतेकांकडे काहीच नव्हतं. फोन बदललेला, पाण्यात पडलेला, मेमरी भरली म्हणून फोटो पुसलेले. तरी त्या दिवशी थोडे मिळाले, पुढच्या बाजारी आणखी, आणि मग लोक आपणहून आणून दाखवायला लागले. फोटो कसलेही होते. कुणाचा अंगठा आलेला, कुणाचा उलटा, एकात एक्स-रेपेक्षा तो बघणाऱ्या बायकोचा चेहराच जास्त. डॉक्टर एकेक बघून ठरवत, हा उपयोगाचा, हा नाही. पण सिस्टरांनी एकही पुसू दिला नाही. मी सर्व्हरवर त्यासाठी वेगळा फोल्डर केला आणि नाव काय देऊ विचारलं. "बाजार," त्या म्हणाल्या. अजून तेच नाव आहे.

हिवाळ्यात मी आणि चाचा यूपीएसच्या मोठ्या बॅटऱ्या बसवायला वर गेलो, तेव्हा नर्मदेच्या काठचा एक माणूस आला होता. मणिबेलीकडचा. आधी बोटीनं, मग चालत, मग जीपनं. टीबीची औषधं संपत आलेली. त्याचा पहिला एक्स-रे गेलेल्यांतला होता, पण भाच्याच्या फोनमध्ये फोटो होता आणि तो भाच्याचा फोनच मागून घेऊन आला होता. सिस्टरांनी फोटो उतरवून घेतला. डॉक्टरांनी स्क्रीनवर एका बाजूला तो तिरपा फोटो ठेवला, दुसऱ्या बाजूला त्या दिवशीचा नवा एक्स-रे. बराच वेळ दोन्हींकडे बघितलं.

"सांगा त्याला," ते सिस्टरांना म्हणाले, "डावीकडचा डाग गेल्यात जमा आहे."

सिस्टरांनी सांगितलं. माणसानं मान हलवली. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि सिस्टर त्याला घेऊन सर्व्हरच्या खोलीत आल्या, जिथं चाचा जमिनीवर बसून बॅटरीच्या वायरी आवळत होते आणि मी टॉर्च धरून उभी होते.

"त्याला बघायचंय, त्याचा फोटो कुठं ठेवला ते," त्या मला म्हणाल्या.

मी बाजूला झाले. तो रॅकच्या पुढे उभा राहिला. चार हिरवे दिवे लुकलुकत होते. मग तो मागच्या बाजूला गेला, गरम हवेत हात धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. बाहेर चांगलीच थंडी होती. तो काहीतरी बोलला, सिस्टर हसल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, याचा श्वास चांगला चालतोय."

चाचांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, बाजूच्या स्टुलाची धूळ झटकली आणि बस म्हणून खूण केली. पण खालून जीपचा हॉर्न वाजत होता. तो औषधांची पिशवी आणि भाच्याचा फोन घेऊन घाईनं बाहेर पडला. चाचांनी मला टॉर्च जरा डावीकडे धरायला सांगितली.